हास्यचित्रातला शेतकरी आणि आपण



दिवाळी अंक घरात आला की आपण आधी काय पाहतो? लेख नाही, कविता नाही, हास्यचित्रे! ज्यांना अक्षरओळख नाही ते आजोबासुद्धा चित्र बघून गालात हसतात. १९५१ साली मधुकर पाटकर यांनी ‘आवाज’ सुरू केला आणि त्यातल्या खिडकीचित्रांनी घरोघर हशा पिकवला. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेले शि. द. फडणीस तर चित्राखाली शब्द न लिहिताच हसवणारे म्हणून नावाजले. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाहिली असतील.

जुन्या चित्रांत खेड्यातली काही मंडळी पुन्हापुन्हा भेटतात. मिशाळ पाटील, बांधावरून भांडणारे भाऊ, शहरात बावचळलेला फेटेवाला. हसू येते, नाही असे नाही. पण हसून झाल्यावर एक गोष्ट तपासावी : हसू कुणाच्या अंगावर पडले?

कारखान्याच्या पत्रिकेचे आणि व्यंगचित्राचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. खुळचट रूढींवर त्यांनी व्यंगचित्रांतून फटकारे ओढले.

त्याच किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट घ्या. लोखंडाने जमीन विषारी होते, असे म्हणून सुरुवातीला शेतकरी नांगर घेईनात. यावर चित्र काढणे सोपे : नांगर पाहून धोतर सावरत पळणारा शेतकरी! पण त्याची बाजूही बघा. वर्षाला पीक एक, डोक्यावर सावकार. प्रयोग फसला तर खायचे काय? नवी वस्तू दुसऱ्याच्या रानात पारखून मग आपल्या रानात आणणे, याला अडाणीपणा कसे म्हणावे? पुढे तोच नांगर गावोगाव चालला.

आता उलटे चित्र पाहा. पाडेगावच्या संशोधन केंद्राचा फुले २६५ हा ऊस २००७ साली आला. चोपण रानात टिकतो, खोडवा चांगला फुटतो, टनेज देतो, हे शेतकऱ्यांनी ओळखले. उतारा कमी म्हणून नोंद घ्यायला कुरकुर करत होते ते काही कारखाने! मग या चित्रात कावराबावरा कुणाला काढायचे, राव?

शेतकऱ्याला हसू नये असे माझे म्हणणे नाही. आपण एकमेकांची टिंगल करतोच की. शेजाऱ्याचे पाणी फोडून वर त्यालाच तंबाखू मागणारा प्रत्येक शिवारात एक असतो. पण ज्याला पाहून शेतकरी स्वतःच खो-खो हसतो, ते चित्र अस्सल. ज्याने त्याची मान खाली जाते, ते नुसते हिणवणे.

आपल्या भागात विषयांना काय तोटा? तुरे आले तरी तोड येईना म्हणून बांधावर दाढी वाढवून बसलेला सभासद, चिटबॉयच्या मोटारसायकलमागे धावणारे अख्खे गाव! घरातल्या पोरापोरींना कागद-पेन्सिल द्या. चित्रे युसूफ वडगावच्या गट कार्यालयात आणून द्यावीत. निवडक चित्रे पुढील अंकात छापू. चित्रात शेतकी खात्याचा माणूस सापडला तरी हरकत नाही. फक्त पोट जरा बेताने काढावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी