हाडात भरायची पावडर कशाची? विचारायला लाजू नका

इम्प्लांट बसवायचा असतो किंवा हिरड्यांच्या आजाराने दाताभोवतीचं हाड झिजलेलं असतं, तेव्हा डेंटिस्ट सांगतात, "बोन ग्राफ्ट टाकावा लागेल." आपण खर्च विचारतो, कागदावर सही करतो आणि खुर्चीत बसतो. ती पावडर कशाची आहे, हा प्रश्न मनात येतो, पण तोंडातून निघत नाही. आपल्या घरांत तो निघायलाच हवा.

ग्राफ्ट साधारण चार प्रकारचा असतो. पहिला रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा. दुसरा दान केलेल्या मानवी हाडाचा. तिसरा जनावराच्या हाडाचा, बहुतेकदा गाय-बैलाच्या, काही वेळा डुकराच्या. चौथा कारखान्यात तयार केलेला. या चौथ्या प्रकारात मुख्यतः बायोसिरॅमिक येतात.

सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी आणि टाइल्स आठवतात. खनिजं भट्टीत तापवून त्या बनतात. शरीरात ठेवता येईल असं सिरॅमिक म्हणजे बायोसिरॅमिक. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो आणि हे खनिज कॅल्शियम व फॉस्फेटचं, म्हणजे हायड्रॉक्सीअपॅटाइटच्या जातीचं असतं. दातावरच्या इनॅमलमध्ये तर खनिजाचं प्रमाण सुमारे ९६ टक्के आहे. तेच खनिज प्रयोगशाळेत बनवून दिलं, की शरीर त्याला सहसा परकं मानत नाही.

काही बायोसिरॅमिक शरीरात आहे तसेच राहतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातला सिरॅमिकचा गोळा किंवा दातावरची झिर्कोनियाची कॅप ही त्याची उदाहरणं. काही हाडाला घट्ट चिकटतात. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखे काही हळूहळू विरघळतात आणि त्यांच्या जागी आपलं स्वतःचं हाड तयार होतं.

हाडाला चिकटणाऱ्या काचेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाच्या शास्त्रज्ञांना बसच्या प्रवासात व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी भेटला. जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागतात, शरीर स्वीकारेल असं काही बनवता येईल का, असं त्याने विचारलं. १९६९ मध्ये हेंच यांनी बायोग्लास बनवली. सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची ही काच हाडाशी जोडली गेली. पुढे कानातल्या नाजूक हाडांच्या जागी आणि जबड्याच्या हाडासाठी ती वापरली गेली.

दातांच्या इलाजात दुसरं मोठं नाव एमटीए या सिमेंटचं. इराणमध्ये जन्मलेले डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी अमेरिकेत १९९०च्या दशकात ते पुढे आणलं. आपल्या बांधकामातल्या पोर्टलँड सिमेंटशी त्याचं जवळचं नातं आहे. हे सिमेंट ओलाव्यातही घट्ट होतं. म्हणून खेळताना पडून मुलाचा दात दुखावला आणि त्याचं मूळ अजून पूर्ण बंद झालेलं नसेल, तर ते टोक बंद करायला ते वापरतात. पूर्वी अशा दातावर महिनोन्‌महिने खेपा घालाव्या लागत.

अर्थात ही जादू नव्हे. सिरॅमिक ठिसूळ असतं, जोराचा मार लागला तर तडकू शकतं. शुगर ताब्यात नसेल, सिगारेट-बिडी किंवा तंबाखू चालू असेल, तर उत्तम ग्राफ्टही नीट धरत नाही.

आता मुद्द्याचं. नुसतं 'हायड्रॉक्सीअपॅटाइट' हे नाव ऐकून समाधान मानू नका, कारण ते जनावराच्या हाडापासूनही काढतात. खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी विचारा: ग्राफ्ट सिंथेटिक आहे की मानवी किंवा जनावराच्या हाडाचा? त्यावर झाकायचा पडदा कशाचा? (कोलॅजनचा पडदा अनेकदा डुकराचा किंवा गाईचा असतो.) आणि माझ्यासाठी सिंथेटिक पर्याय तितकाच चालेल का? पाकिटावर उगम लिहिलेला असतो, तो दाखवायला सांगा.

कुठल्या हालतीत काय जायज, हा मसला आपापल्या आलिमांना विचारावा. पण त्यांना विचारायलाही आधी पक्की माहिती हातात हवी, आणि ती डॉक्टरच देऊ शकतात. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने नाराज होत नाही. अम्मी-अब्बांना दवाखान्यात नेताना हे तीन प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्या. शंकेपोटी इलाज टाळून दात गमावण्यापेक्षा दोन मिनिटं विचारलेलं केव्हाही बरं.