नीला रोहिणीचे काम करते तेव्हा

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेविषयी आपल्या खेड्यापाड्यांतून एक समज रूढ आहे : 'नवी नळी बसवली, आता चिंता मिटली.' तो कितपत खरा आहे? माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० साली झाली. २००९ साली मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दिल्लीत त्यांची दुसरी बायपास केली. एकदा केलेले काम पुन्हा का करावे लागते? त्याचे एक मोठे कारण रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे.

पायातील नीला काढून ती हृदयाच्या रोहिणीला जोडण्याची पद्धत डॉ. रेने फाव्हालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रूढ केली. नीलेची भिंत पातळ असते; तिच्यातील रक्ताचा दाब अगदी कमी. रोहिणीत मात्र तो १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. शेतातल्या कच्च्या पाटात धरणाचे पाणी सोडावे, तशी ही गोष्ट आहे.

नीलेच्या आत पेशींचे नाजूक अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून रक्त गोठू देत नाही आणि खालच्या स्नायुपेशींना आवर घालते. नीला काढताना, ताणताना हे अस्तर खरवडले जाते. तेथे रक्तबिंबिका चिकटतात व वाढीला चालना देणारी द्रव्ये सोडतात. मग स्नायुपेशी आकुंचनाचे आपले काम सोडून विभागू लागतात, आतल्या बाजूस सरकतात आणि स्वतःभोवती तंतूंची भर घालतात. मुळात ही शरीराने केलेली डागडुजीच होय. वाढलेला दाब सोसण्यासाठी भिंत जाड होते. परंतु ती प्रमाणाबाहेर गेली की मार्गच अरुंद होतो. पुढे काही वर्षांनी त्याच जाड थरात चरबी साचते. दहा वर्षांत अशा सुमारे निम्म्या नीला निकामी होतात. छातीतील रोहिणी वापरली, तर दहांपैकी नऊ चालू राहतात. म्हणून शल्यविशारद मुख्य जोडणीसाठी तिलाच पसंती देतात.

बेंबळीसारख्या गावात कित्येकदा शेत गहाण टाकून शस्त्रक्रिया होते. बरे वाटू लागले की गोळ्या बंद होतात आणि तंबाखूची चंची पुन्हा कमरेला येते. वास्तविक रक्त पातळ ठेवणारी व चरबी घटवणारी औषधे, तंबाखूचा त्याग, रक्तदाब व साखर यांवर ताबा, हीच त्या नव्या वाटेची राखण होय. शिकलेल्या मुलामुलींनी घरच्या वडीलधाऱ्यांना एवढे समजावून सांगितले, तरी आपल्या शिक्षणाचे चीज होईल.