पडद्यावरचे गुरुजी काय विचारतात?

हल्ली घरोघरी एक नवे गुरुजी राहायला आले आहेत. त्यांना चहा लागत नाही, छडी लागत नाही, मे महिन्याची सुट्टी लागत नाही. लागते ती फक्त वर्षाची वर्गणी! मी पस्तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, म्हणून शेजारपाजारचे आईबाप मला विचारतात, "सर, मोबाइलवरच्या या गुरुजींत चांगले कोणते हो?" मी म्हणतो, "ते काय सांगतात ते पाहू नका. काय विचारतात ते पाहा."

बहुतेक ठिकाणी विचारतात ते हेच : ओहमचा नियम सांगा, गाळलेल्या जागा भरा. उत्तर बरोबर आले की पडद्यावर फुले उधळतात आणि आईला वाटते, पोरगे हुशार झाले! अहो, हा तर आपला जुना 'अपेक्षित प्रश्नसंच'. कागदावरून काचेवर आला, इतकेच.

बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह १९५६ साली विचारांची एक शिडी मांडली. २००१ साली ती सुधारण्यात आली. आठवणे, समजणे, वापरणे, पृथक्करण करणे, पारखणे आणि नवे निर्माण करणे, अशा तिच्या सहा पायऱ्या. पाठांतराला मी नावे ठेवीत नाही. पाढेच येत नसतील तर वरची पायरी कशी चढणार? पण पहिल्याच पायरीवर बिऱ्हाड थाटायचे नसते.

वर चढवणारे गुरुजी पडद्यावर घडवता येतात, याचे मला पटलेले उदाहरण म्हणजे 'फेट'. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वाइमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात त्याची सुरुवात केली. आपल्या सत्येंद्रनाथ बोसांचे नाव ज्या 'बोस-आइनस्टाइन' अवस्थेला आहे, ती प्रत्यक्षात आणल्याबद्दलच ते पारितोषिक होते. फेटवरचे प्रयोग फुकट आहेत आणि त्यांतले काही मराठीतही आहेत.

त्यातला विजेच्या मंडलाचा प्रयोग पाहा. बॅटरी, तारा, दिवे समोर ठेवलेले. सूचना जवळजवळ नाहीतच. मूल आपणच जोडू लागते. तारेतून एरवी न दिसणारे इलेक्ट्रॉन येथे ठिपक्यांसारखे सरकताना दिसतात. तार भलतीकडे जोडली तर ज्वाळा उठतात, पण पडद्यावरच! हे काही सहज जमलेले नाही. बनवणारे विद्यार्थ्यांना एकेक करून समोर बसवतात, खेळता खेळता मनातले मोठ्याने बोलायला सांगतात आणि कुठे अडते ते पाहून प्रयोग सुधारतात.

२००५ साली त्याच विद्यापीठातील संशोधकांनी दोन गट तपासले. एकाने खऱ्या तारा-दिव्यांवर काम केले, दुसऱ्याने पडद्यावर. पुढे दोघांनाही खरे मंडल जोडायला दिले, तेव्हा पडद्यावर शिकलेला गट सरस ठरला. म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लावा असे नव्हे. मात्र नीट आखलेला पडदा काय करू शकतो, हे त्यावरून कळते.

पण नुसता खेळ पुरत नाही. मी मुलांना आधी विचारतो, "एकापुढे एक असे दोन सारखे दिवे जोडले, तर कोणता जास्त उजळेल?" बरीच मुले सांगतात, "पहिला. तो वीज खाऊन टाकतो!" हे वहीत लिहायचे, शेजाऱ्याला पटवून द्यायचे आणि मगच पडद्याला हात लावायचा. दोन्ही दिवे सारखेच उजळतात. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, तीच विचाराची सुरुवात. हार्वर्डचे एरिक माझूर यांनीही १९९१ पासून असेच आधी उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, ही रीत वर्गात रुजवली.

तेव्हा वर्गणी भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा : उत्तर देण्याआधी मुलाला अंदाज बांधू देतात का? 'चूक' म्हणून पुढे पळतात, की 'असे का वाटले?' म्हणून थांबतात? आणि मुलाला स्वतःचे काही रचू देतात का?

आणि दिवाळीत घरी फुकटात करण्याजोगे एक काम सांगतो. विजेच्या माळेत कधी कधी एक दिवा गेला की माळेचा तुकडाच विझतो, बाकीचे दिवे मात्र हसत असतात. माळेला हात लावू न देता मुलाला विचारा, "असे का रे होत असेल?" आणि मग, वाचकहो, सर्वांत अवघड काम करा : उत्तर सांगण्याची घाई करू नका!