गावच्या गोधनाची नोंद कोणी ठेवावी?

कंधारची लाल कंधारी व देवणीची देवणी ह्या गोवंशांची ओळख शेतकरी बंधूंस करून द्यावयास नको. परंतु ह्या धनाविषयी परका मनुष्य काही व्यवहार करू लागल्यास गावास बोलण्याचा हक्क आहे काय? आहे, आणि तो कायद्यात येण्यास ज्यांची विद्या कारणी लागली, त्यांत प्राध्यापक माधव गाडगीळ हे प्रमुख होत.

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामागील अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांचे हे चिरंजीव. जन्म पुण्यास, १९४२ साली. हार्वर्डची डॉक्टरेट १९६९ साली मिळवून पुढे त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन केले. कारवारकडील बांबू का खालावला, हे पाहण्याचे काम त्यांजकडे आले. खात्याचे म्हणणे, गुरांनी नासधूस केली. गावकरी म्हणत, बेटाच्या बुडाचे काटेरी आवरण खातेच तोडविते, म्हणून कोवळे कोंब उघडे पडतात. प्रत्यक्ष बेटे तपासली, तेव्हा गावकऱ्यांचेच खरे ठरले. कागदाच्या गिरणीस तोच बांबू टनास दीड रुपयाने मिळत असे, हेही सांगितले पाहिजे!

१९९२ साली रिओ येथे जैवविविधतेचा जागतिक करार झाला. जीवसंपत्तीवर ज्या त्या राष्ट्राचा अधिकार, व लाभाची वाटणी न्याय्य व्हावी, हे त्याचे सार. पुढे आपल्या घरोघरच्या हळदीने जखम भरते ह्यावरच अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे पुढे केले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. पुरावा तोंडीच असता तर?

भारताचा जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याच्या घडणीत गाडगिळांचा हात होता. त्यातील ४१ व्या कलमाने स्थानिक समितीवर देशी वाण, जनावरांच्या जाती व त्यांविषयीचे ज्ञान ह्यांची नोंद करण्याचे काम सोपविले. वरिष्ठ मंडळांनी गावच्या संपत्तीविषयी निर्णय घेताना ह्या समितीचा सल्ला घ्यावयाचा असतो.

महसुलाच्या दप्तरात जन्म घालविलेल्या मजसारख्यास एवढेच दिसते, की कचेरीत बसून भरलेली नोंदवही नसल्यासारखीच. 'गाय, देशी' एवढे लिहून काय उपयोग? वानेरा, बाळंक्या, शेवरा असे देवणीचे प्रकार वेगळे लिहावेत. कोणाच्या गोठ्यात वळू आहे, गायरान किती उरले, हे गुराख्यास विचारून मांडावे. ही वही ग्रामपंचायतीत मागून पाहावी. आपल्या वळूची नोंद तीत आहे किंवा नाही, हे पाहण्यास घटकाभरही लागत नाही.