उपचारामुळे नव्हे, उपचार टाळल्यामुळे अडतो ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’

अमेरिकेत सरकारी गोपनीय माहिती हाताळायची, तर ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणजे सुरक्षा मंजुरी लागते. ती साधारणपणे अमेरिकी नागरिकांनाच मिळते. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी घरांतली मुलंही अशा नोकऱ्यांसाठी अर्ज करू शकतात. पण मानसोपचार घेतले तर मंजुरी हुकेल, या भीतीने अनेकजण डॉक्टरकडे जाणंच टाळतात.

नियम काय सांगतो?
जून २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत १३ निकष आहेत. मानसिक आरोग्य हा त्यातला एक. केवळ समुपदेशन घेतलं म्हणून अर्जदाराविषयी प्रतिकूल मत करून घेऊ नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

मग अडतं कुठे?
आजारामुळे निर्णयक्षमता किंवा विश्वासार्हता डळमळत असेल आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं परस्पर बंद केली असतील, तर अडचण येते. उलट, आजार उपचारांनी आटोक्यात राहणारा असेल आणि उपचार नियमित सुरू असतील, तर ते अर्जदाराच्या बाजूने धरलं जातं.

अंगावर काढलेला आजार दुसऱ्या वाटेनेही नडतो. झोप लागत नाही म्हणून दारू, मग थकलेले हप्ते, कामावर भांडणं. दारू, आर्थिक व्यवहार आणि वर्तन यांचे निकष वेगळे आहेत.

लपवलं तर?
अर्जात जे विचारलंय, ते खरं सांगावंच लागतं. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. आजारापेक्षा लपवाछपवीच जास्त महागात पडू शकते.