साकव आणि शाळेचे वर्ष : ठाणे जिल्ह्यातील नदीकाठच्या बालपणाचा एक प्रश्न

ओढा, नाला किंवा लहान नदी पायी ओलांडण्यासाठी घातलेल्या पुलास कोकणात ‘साकव’ म्हणतात. संस्कृत ‘संक्रम’, प्राकृत ‘संकम’ आणि त्यापासून मराठी ‘साकव’ अशी या शब्दाची व्युत्पत्ती दिली जाते. ‘ग्राम’चे ‘गाव’ व ‘नाम’चे ‘नाव’ होताना मकाराचा जसा वकार झाला, तसाच तो येथेही झाला. कानडीतील ‘संक’ हा शब्द याच कुळातला. संक्रम म्हणजे एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी जाणे. शब्दाच्या मुळाशी अशी जाण्याची क्रिया असल्यामुळे, साकव किती लांब आहे यापेक्षा तो वर्षातील किती दिवस व कोणास पलीकडे पोचवितो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातील शाळकरी मुलांच्या संदर्भात मांडावयाचा आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा बराच मोठा भाग उल्हास नदीच्या खोऱ्यात येतो. भातसा व काळू या नद्या सह्याद्रीतून उतरतात. भातसा काळूस मिळते आणि काळू कल्याणच्या परिसरात उल्हासला मिळते. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. डोंगर जवळ व उतार तीव्र असल्यामुळे उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओढा पावसाळ्यात काही तासांत दुथडी भरून वाहू लागतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. आगगाडीची जेथे ही गत, तेथे लाकडी साकवाची काय कथा!

परंपरागत साकवाची रचना साधी असते. दोन्ही काठांवर दगड रचून त्यांवर ताडाचे किंवा अन्य झाडाचे दोन-तीन सोट टाकावयाचे, अंतर मोठे असल्यास मध्ये लाकडी मेढी रोवावयाच्या, वर बांबू आडवे बांधावयाचे आणि हाताला आधार म्हणून एका बाजूस बांबूचा कठडा करावयाचा. पाऊस ओसरल्यावर तो घातला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात बहुधा वाहून जातो. शेताकडे, बाजाराकडे, दवाखान्याकडे व शाळेकडे जाणारी वाट त्यावरूनच जाते.

मुलांच्या दृष्टीने साकव ही केवळ वाट नव्हे. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. या ‘वलगणी’च्या माशांसाठी लहानथोर सारेच ओढ्यावर जमतात. खेकडे कोठे सापडतात, कोणत्या दगडावर पाय घसरतो, पाणी गढूळ झाले म्हणजे डोंगरात पाऊस झाला, हे ज्ञान मूल तेथेच मिळविते. थोरला भाऊ वा बहीण धाकट्याचा हात धरून त्याला पलीकडे नेते, आणि एके दिवशी धाकटा एकटा जातो. तो साकव त्याच्या वाढीचे मापच होऊन बसतो.

परंतु येथेच एक विसंगती दिसून येते. महाराष्ट्रात शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते आणि पावसाळाही तेव्हाच. नव्या इयत्तेचे पहिले चार महिने, म्हणजे ज्या काळात अक्षरओळखीचा व अंकगणिताचा पाया घातला जावयाचा, तोच काळ साकव नसण्याचा. मूल अशा दिवसांत घरी राहते, लांबचा वळसा घेते, किंवा कोणाच्या तरी खांद्यावर बसून पाण्यातून जाते. हजेरीपटावर या तिघांपैकी पहिल्याचीच नोंद होते. उरलेल्या दोघांनी पत्करलेला धोका व सोसलेले श्रम कोठेही नोंदले जात नाहीत.

कायद्यास हा प्रश्न अगदीच अपरिचित आहे असे नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला व त्याखालील केंद्राचे नियम २०१० मध्ये आले. त्यांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतराच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे. शिवाय पूर, दरडी किंवा रस्त्याचा अभाव यांमुळे वाट धोक्याची असेल, तेथे ही मर्यादा कमी करावी असेही सांगितले आहे. तथापि, नकाशावर मोजलेले अंतर जानेवारीत व जुलैत सारखेच राहते. चालणाऱ्या मुलाचे मात्र राहत नाही.

उपाय म्हणून शासकीय योजनांतून काँक्रीटचे साकव बांधले जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरूनही लोक ये-जा करतात, परंतु मोठ्या पुरात ते पाण्याखाली जाऊ शकतात. नेपाळात याच प्रश्नास झुलत्या पुलांनी उत्तर दिले आहे. तेथे लोखंडी तारदोर दोन्ही उंच काठांत रोवलेले असल्याने प्रवाहात खांब नसतो व पूर खालून जातो. आपल्याकडे खोऱ्याच्या खालच्या भागात काठ सखल आहेत, त्यामुळे तेथे उंच मनोरे व मोठा खर्च लागेल; डोंगरपायथ्याच्या घळींत मात्र ही रचना विचारात घेण्याजोगी आहे. तरीही पूल पक्का असला म्हणजे चिंता संपली असे नव्हे. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला.

पायी चालणाऱ्याचा पूल शेवटी आठवतो, ही गोष्ट केवळ खेड्यापुरती मर्यादित नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मरण पावली. त्यानंतर सैन्याकडून तीन पादचारी पूल बांधवून घेण्यात आले. ते २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले झाले, आणि त्यांपैकी एक कल्याण-कसारा मार्गावरील आंबिवली स्थानकात आहे. रुळांवरचा तो पूल काही महिन्यांत उभा राहिला, यावरून साधनांचा अभाव हे विलंबाचे एकमेव कारण नसते, असे म्हणण्यास आधार मिळतो.

या विषयाच्या अभ्यासकाने काय करावे? एखादे गाव घेऊन घर ते शाळा हे अंतर मिनिटांत मोजावे, एकदा मे महिन्यात व एकदा जुलैत. साकव कोणत्या तारखेस गेला व केव्हा पुन्हा घातला गेला हे लिहून ठेवावे. आणि त्या तारखा हजेरीपटाशेजारी ठेवून पाहाव्यात. या तीन नोंदींस फारसा खर्च येत नाही. त्या हाती आल्यास साकव कोठे आधी बांधावयाचा, हे मुलांच्या बुडालेल्या दिवसांवरून ठरविता येईल.