ताज्या रक्ताचा आग्रह कशाला?

‘ताजंच रक्त द्या’ हा नातेवाइकांचा आग्रह अगदीच निराधार नाही. २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या पिशवीतही तांबड्या पेशींची ऊर्जा घटते, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि ऑक्सिजन सोडायला मदत करणारं डीपीजी दोनेक आठवड्यांत जवळपास संपतं. पण शरीरात गेल्यावर ते दोन-तीन दिवसांत पुन्हा तयार होतं. २०१६च्या ‘इन्फॉर्म’ चाचणीत २०,०००हून अधिक रुग्णांमध्ये ताज्या-जुन्या रक्तामुळे मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मग पोषक द्रावणातल्या पेशींना ४२ दिवसांची मुदत कशाला? रक्त चढवल्यावर २४ तासांनी किमान ७५ टक्के पेशी टिकाव्यात म्हणून. नवजात बाळाचं रक्त बदलताना पोटॅशियमच्या धोक्यामुळे ताजं रक्तच हवं. एरवी मुदतीतल्या पिशवीसाठी आग्रह धरायचा तो अखंड शीतसाखळीचा.